इटलीहून परत आलेलं पान

मी बोलतेय, लाल कापडी पाठीची वही. जन्माला आले तेव्हा माझी पुरी एकशेवीस पानं होती. आज एकोणचाळीस आहेत, आणि त्यांतलंही एक लढाईवर जाऊन परत आलेलं. त्या एका पानासाठीच मी तोंड उघडलंय. पण आधी बाकीची कुठं गेली ते सांगते, म्हणजे माझं दुखणं तुमच्या ध्यानात येईल.

माझा जन्म सांगलीचा. बाजारपेठेच्या मागच्या बोळात एक म्हातारा बाइंडर मांडी घालून बसायचा. त्यानं मला दाभणानं टोचलं, मेणाचा दोरा ओढला, पुठ्ठे चिकटवायच्या खळीत मोरचूद घातलं आणि म्हणाला, "हिला कसर लागायची नाही. माणसाच्या हातानं जाईल तेवढंच." म्हाताऱ्याची जीभ काळी होती, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. माझ्याबरोबर शिवलेल्या वह्या हळदीच्या पेढ्यांवर गेल्या. मला गुणमालाबाईंनी उचललं. त्यांच्या यजमानांना, म्हणजे जिनदत्त मास्तरांना, नाटक लिहायचं होतं. साल एकेचाळीस.

मास्तर मूळचे सांगलीकडचे, पण नोकरी सातारा जिल्ह्यात, उंब्रजपासून दोन कोसांवरच्या एका गावात. त्या गावातली तालमीची पोरं दरसाल चैत्रात जत्रेला नाटक करायची. आणायची कुठूनतरी जुनं राजाराणीचं नाटक, आणि राजा बिचारा उसाला पाणी पाजून थेट सिंहासनावर येऊन बसायचा. मास्तर म्हणाले, "यंदा मी लिहून देतो. आपल्या गावाचं." विषयही त्यांनी बरोबर धरला. गावात घरटी एक गडी पलटणीत होता, तेव्हा नाटक लढाईवर जाणाऱ्या शिपायाचं आणि त्याच्या आईचं.

माणूस सज्जन, अभ्यासू, आणि अक्षर तर असं की मला माझाच अभिमान वाटावा. एकच खोड होती. एकही ओळ उणी पडलेली त्यांना चालायची नाही. ओळ लिहायची, मान वाकडी करून बघायची, ओठ दुमडायचे, की फर्र! पान बाहेर. नाटकाचं नाव ठरवण्यातच माझी चार पानं गेली. पहिल्या प्रवेशात आई दिवा लावते की आधी तुळशीला पाणी घालते, या वादात सहा. वाद कुणाशी म्हणाल तर स्वतःशीच. माझ्यासारखी शिवलेली वही म्हणजे जोडीजोडीचा संसार असतो. एक पान ओढून काढलं की त्याच दोऱ्यातलं पलीकडचं पान सैल होतं, लोंबतं, आणि मग तेही जातं.

घर जैनांचं. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून दिवस मावळला की मास्तर मला मिटायचे. एवढाच काय तो मला विसावा. फाडलेली पानं चुलीत जायची. गुणमालाबाई सकाळी चहाचं आधण ठेवताना म्हणायच्या, "आज लवकर उकळलं. काल मोठा प्रवेश फाडलेला दिसतोय."

मास्तर हसायचे, पण ते हसणं कसनुसं असायचं. खरंच सांगते, त्यांना फाडण्यात मौज नव्हती. ते रोज एका भीतीनं माझ्यासमोर बसायचे. आपण लिहिलेलं गावासमोर उभं राहील आणि कुणीतरी म्हणेल, मास्तरांना एवढंही जमलं नाही, ही ती भीती.

आईचं काम करणार होता अर्जुना. तालमीतला गडी, दंड मांडीएवढे, आणि नाकाखाली झुबकेदार मिशी. तो दरवर्षी संक्रांत झाली की दारात येऊन विचारायचा, "मास्तर, मिशी काडू का ठिवू?"

"ठेव अजून," मास्तर म्हणायचे.

बेचाळीसला मिशी राहिली. त्रेचाळीसला राहिली. चव्वेचाळीसला अर्जुना दारात आलाच नाही, रस्त्यावरूनच मिशीला पीळ देऊन पुढं गेला. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी माझी तीन पानं फाडली. तोवर लढाईपायी कागद मिळेनासा झाला होता. शाळेतली पोरं पाटीवर भागवायची, कराडच्या दुकानात नवी वही मागितली तर दुकानदार नुसता हसायचा. मी संपले की नाटक संपलं, हे मास्तरांना कळत होतं, आणि तरीही हात थांबत नव्हता.

आता त्या नाटकातल्या आईबद्दल सांगते. तिच्याशी माझा रोजचा सहवास, म्हणून बोलायचा अधिकार आहे. फार गुणाची बाई! कधी रागावायची नाही, कधी दमायची नाही. पोरगा लढाईवर निघाला की ती ओवाळायची आणि दीड पान भाषण करायची. तिच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. पण एवढ्या वर्षांत तिला एकदाही शिंक आली नाही, की तिच्या चुलीवरचं दूध उतू गेलं नाही. माझ्या पानावर ती यायची आणि मला तिचं वजनच जाणवायचं नाही.

त्या चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात राहीबाई आमच्या घरी यायला लागल्या.

राहीबाई म्हणजे वरच्या आळीच्या विधवा बाई. एकुलता एक लेक मानसिंग पलटणीतून इटलीला गेलेला. आधी त्यांची पत्रं शेजारणीचा, धोंडुबाईचा, जावई लिहून द्यायचा. तो रेल्वेत लागला आणि कराडला राहायला गेला. मग मास्तरांवाचून दुसरं कोण? राहीबाई उंबऱ्याशी टेकायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि सुरू व्हायच्या.

"लिवा मास्तर. आरं मुडद्या, दोन म्हयनं झालं, कागूद न्हाई तुजा. हात मोडलं का काय? चांदी म्हस याली. रेडकू झालं, पर आठ दिसांत गेलं. धोंडीनं पुन्यांदा बांध कोरला, मी बी तिला सोडली न्हाई. तुजी लोकरीची बंडी उंदरांनी खाल्ली, येताना दुसरी आन. आन् माजा गुडगा लय दुकतोय, पर तू काळजी करू नगंस. करशील तर आल्यावर बडवीन."

मास्तर मान डोलवायचे आणि आधी माझ्या शेवटच्या पानांवर कच्चं लिहायचे, "चिरंजीव मानसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. तू आपले कर्तव्य निष्ठेने पार पाड. मातेचा आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी आहे." एखादा शब्द खटकला की फर्र. तीन पत्रांत माझी अकरा पानं गेली. मग नीट उतरवलेलं पत्र पाकिटात जायचं.

"मी बोलले तसंच लिवलं न्हवं?" राहीबाई विचारायच्या.

"त्याहून चांगलं लिहिलंय, राहीबाई," मास्तर म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. त्यांना वाटायचं, परमुलखात बसलेल्या लेकराला आईची शिवी कशाला, रेडकू मेल्याची बातमी कशाला? त्यांनी मायेनंच चाळण लावली होती. मीही तेव्हा त्यांच्याच बाजूची होते. मेलेल्या रेडकापेक्षा उत्तम आशीर्वाद मलाही अंगावर बरे दिसायचे.

दसऱ्यानंतर मानसिंगचं पत्र आलं. पोस्टमन उंब्रजहून आला तेव्हा राहीबाई शेणी थापत होत्या. तशाच उठल्या, कोपरापर्यंत शेणाचे हात, पत्र पदरात धरून आमच्या दारात. मास्तर शाळेतून नुकतेच आले होते. मी त्यांच्या मांडीशी उघडी पडलेली. त्यांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"पत्र लिवणाऱ्यास मानसिंगचा रामराम. तुमी कोन हाय ते मला ठावं न्हाई. तुमची तीन पत्रं पोचली. तिन्हीत माजी आय एकदा बी माज्यावर खेकसली न्हाई. म्हशीचं नाव न्हाई. धोंडुमावशीचं भांडान न्हाई. गुडगा दुकतो म्हनून रडगानं न्हाई. माजी आय आशी ग्वाड जन्मात बोलली न्हाई."

इथं मास्तर अडखळले. राहीबाई म्हणाल्या, "फुडं वाचा."

"आय गेली आसंल तर सरळ लिवा. मला वाईट वाटू नये म्हनून तुमी तिच्या नावानं लिवताय, ह्ये मला कळलंय. तुमचा राग न्हाई. पर मी केस उतरवून डोई करू का नको, येवडं कळवा. चार दिस झालं, अन्न ग्वाड लागत न्हाई. लेक आसून आयचं सुतक पाळलं न्हाई, आसं नको व्हायला."

वाचून झालं. मास्तरांनी कागद माझ्यावर ठेवला. गुणमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावला.

राहीबाई आधी एकदा हसल्या. मग त्यांचं तोंड बदललं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आवं, माज्या लेकराला तुमी माजं मरान कळवलंसा?"

"तार करू," मास्तर म्हणाले, "उद्याच कराडला जातो."

"तारंचं नाव काडू नगा. तार बगितली तर उगडायच्या आदीच त्यो आडवा हुईल. तार कशाची येती ठावं न्हाई व्हय?" त्या तिथंच फतकल मारून बसल्या. "आत्ताच्या आत्ता लिवा. मी बोलते तसं. येक शबूद खाली पाडू नगा."

मास्तरांनी मला पुढं ओढलं. राहीबाई बोलायला लागल्या आणि मास्तरांचा टाक त्यांच्यामागं धावायला लागला. असं लिहिणं माझ्या अंगावर तोवर कधी झालं नव्हतं. "आरं मुडद्या, मी जित्ती हाय! डोईला हात लावशील तर खबरदार. मी मेले म्हनून जेवान सोडलंस? मला इचारलंस का? पयलं जेव, मग पुडचं वाच." मग चांदी आली, रेडकू आलं, उंदीर आले, धोंडुबाईचा बांध आला. बोलता बोलता त्या मागं जायच्या, "न्हाई न्हाई, ते आदी लिवा, बांधाचं मागनं," की मास्तर खोडायचे, वर घुसवायचे, बाणाची खूण करायचे. शाईचा एक थेंब सांडला. दोन ओळी एकमेकींवर चढल्या. पान नुसतं रणांगण झालं.

आणि मग सवयीनं मास्तरांनी मान वाकडी केली. ओठ दुमडले. त्यांची बोटं माझ्या कडेला लागली. मी अंग चोरलं.

थाप! राहीबाईंचा हात पानावर पडला. शेणाचा, पाचही बोटांसकट.

"फाडू नगा."

"फाडत नाही, राहीबाई. दुसऱ्यावर नीट उतरवून काढतो. केवढी खाडाखोड झालीय. आणि आता हे शेण…"

"नीट केलं म्हनूनच मेले न्हवं मी?" त्या म्हणाल्या. "ह्योच कागूद धाडा. हात बी ऱ्हाऊ द्या. तेला कळंल कुनाचा हाय त्यो."

मास्तरांनी पट्टी घेतली, पातं घेतलं आणि ते पान इतक्या हळू कापलं की मला दुखलं नाही. एक्याऐंशी पानं ओरबाडून गेली होती, हे ब्याऐंशीवं मात्र पाठवणी केल्यासारखं गेलं. त्याच्या जोडीचं पान माझ्यात सैल होऊन राहिलं. मास्तरांनी त्यावर तळहात ठेवला आणि मला मिटलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. पत्र पोचायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता, पोचेल याचाही नव्हता. मानसिंगनं तोवर डोई केली असेल का, तो जेवत असेल का, हे मास्तर गुणमालाबाईंना रोज विचारायचे, जसं काही त्याच इटलीहून आल्या होत्या. मला ते हातात घ्यायचे आणि नुसते बसायचे.

एका दुपारी त्यांनी मला अगदी पहिल्या पानापासून वाचलं. फाटून फाटून जे काही उरलं होतं ते. वाचून झाल्यावर म्हणाले, "गुणमाला, या नाटकातली आईसुद्धा मेलेलीच आहे गं. मीच मारलीय."

"मग जिवंत करा," बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "राहीबाई काय, हाक मारली की येतील."

मास्तरांनी त्या सैल पानावर लिहायला सुरुवात केली. या खेपेला आई आली ती म्हशीवर ओरडतच. पोराच्या पिशवीत तिनं चटणी कोंबली, त्यानं नको म्हटलं तर पाठीत धपाटा घातला. पायाखाली तिला माती लागली आणि माझ्यावर तिचं वजन पडलं! मास्तर खोडत होते, बाण काढत होते, वर घुसवत होते, पण फाडत नव्हते. पान भरलं की उलटत होते. उलटल्या जाण्याचं सुख काय असतं, ते मला वयाच्या चौथ्या वर्षी कळलं.

राहीबाईंना त्यांनी तो प्रवेश वाचून दाखवला. पोरगा वळणाआड जातो आणि आई रडते, तिथं राहीबाईंनी हात वर केला.

"मी न्हाई रडले."

"नाही रडलात?"

"न्हाई. त्यो गेला तवा चांदीला धार काडाय बसले. तिनं पाय झाडला, तिला शिव्या घातल्या. लय घातल्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तिचं काय बी चुकलं न्हवतं."

गुणमालाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मास्तरांनी आईचं रडणं एका रेघेनं खोडलं आणि बाजूला म्हैस लिहिली. त्या उंबऱ्यावर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईला मी तेव्हा मनोमन नमस्कार केला. अजून करते.

संक्रांतीच्या आधी इटलीचं पत्र आलं. चारच ओळी होत्या. "आय, तुज्या शिव्या पोचल्या. डोई केली न्हाई. लय दिसांनी पोटभर जेवलो. हात वळकला."

मास्तरांनी ते तीनदा वाचलं, कारण राहीबाईंनी तीनदा वाचायला लावलं. मग त्या उठल्या, "म्हशीला पानी दावायचंय," म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या. म्हशीला त्या दिवशीही शिव्या बसल्या असणार.

त्याच आठवड्यात मास्तर आपण होऊन तालमीत गेले आणि अर्जुनाला म्हणाले, "काढ मिशी."

अर्जुनाला खरं वाटेना. "मास्तर, बगा बरं का. हिला वाडवायला लय दिस लागत्यात."

पंचेचाळीसच्या चैत्रात जत्रेला नाटक झालं. रॉकेल मिळत नव्हतं म्हणून दिवस कलायच्या आधीच उभं केलं. फार थोर नाटक होतं असं मी म्हणणार नाही. तिसरा अंक ढिला पडला, सुभेदाराची टोपी दोनदा पडली, आणि एक अख्खा संवाद अर्जुना विसरला. मास्तर विंगेत मला उघडी धरून उभे होते. त्यांना सगळ्या चुका दिसत होत्या, बोटं माझ्या कडेवर आवळत होती आणि सुटत होती.

मग तो म्हशीचा प्रवेश आला. अर्जुना नाजूकपणे पदर सावरत पुढं आला, तशा पुढं बसलेल्या राहीबाई ओरडल्या, "आरं गड्या, आशी न्हवं! पदर कमरंला खोच!" लोक हसले. अर्जुनानं मुकाट्यानं पदर खोचला, खाली बसला, नसलेल्या म्हशीची धार काढायला लागला आणि तिला शिव्या घालायला लागला. दोन शिव्यांपर्यंत लोक हसत होते. तिसरीला हसू थांबलं. घराघरातली माणसं लढाईवर होती. धोंडुबाई, बांध कोरणारी, हुंदका देऊन रडली आणि राहीबाईंनी तिचा हात धरला. मास्तरांची बोटं माझ्या कडेवरून सुटली ती मग पुन्हा आवळली नाहीत.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मानसिंग परत आला. गावात शिरल्यावर आधी आईकडून ओरडा खाल्ला, लोकरीची बंडी आणायची विसरला म्हणून. मग आमच्या घरी आला. रापलेला, बुजरा गडी. त्यानं मास्तरांच्या पायाला हात लावला आणि खिशातून मेणकापडात गुंडाळलेली घडी काढली.

"ह्ये तुमचं हाय," तो म्हणाला. "मला येतंय आता तोंडपाट."

माझं पान! घड्यांवर झिजलेलं, एका कोपऱ्यावर सेन्सॉरचा शिक्का, शाई जागोजाग फिकी पडलेली. शेणाचा पंजा मात्र पाचही बोटांनिशी शाबूत. इतक्या सुंदर अक्षरांची एक्याऐंशी पानं माझ्यातून गेली, त्यांतलं एकही घरी आलं नाही. आलं ते हे, सगळ्यांत घाण.

गुणमालाबाईंनी कणकेची खळ केली आणि ते पान पुन्हा माझ्यात चिकटवलं, त्याच्या जोडीच्या पानाशेजारी, जिथं आई म्हशीवर ओरडते.

आता मास्तर बदली होऊन सांगलीला आलेत. एकोणपन्नास साल उजाडलंय. कागद मिळतो, मास्तरांनी आणखी दोन नाटकं नव्या वह्यांत लिहिली, आणि मी फळीवर असते. माझा दोरा सैल झालाय, लाल कापड विटलंय. मास्तर अधूनमधून मला काढतात आणि उघडतात ते त्याच जागी. तुमच्याकडंही अशी एखादी वही असेल, आणि तुमचीही बोटं कधी तिच्या कडेवर आवळतील. त्या वेळी राहीबाईंचा हात आठवा, एवढंच मागणं आहे माझं.

आणि हो, गुणमालाबाईंनी चिकटवलेलं ते पान बोटभर तिरकं बसलंय. मी मिटले तरी त्याचा एक कोपरा बाहेर डोकावतो. घरी आलेला प्रत्येक जण म्हणतो, मास्तर, तेवढा कोपरा कापून सरळ करून टाका की.

मास्तर म्हणतात, "राहू द्या."